समितीने निवडलेली काहील

एका बाईला रस आटवायला एक काहील हवी होती, आणि तीन शिकल्यासवरल्या पुरुषांनी मिळून ती निवडली. गोष्ट एवढीच आहे. पण आमच्या सौदीतल्या खोबरच्या घरात त्या हिवाळ्यात जी काही उलथापालथ झाली, ती सगळी या एका काहिलीपायी झाली. म्हणून मी ते सविस्तर लिहिणार आहे, आणि लिहिताना सौम्यपणाचा आव आणणार नाही. माझ्या मुली म्हणतात, आई, किती कडवट लिहितेस, आता तरी सोडून दे. या वयात माणसाने क्षमाशील व्हावं अशी लोकांची अपेक्षा असते. मला गुडघेदुखी आली, क्षमा काही आली नाही.

आमचं घर म्हणजे कॉर्निशपासून, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यापासून, थोडं आत, एका चार मजली इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दिवसभर एसीची घरघर, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनची खडखड, आणि वर बाबांचे फोन. बाबा एका तेल कंपनीच्या कंत्राटदाराकडे प्लॅनिंग इंजिनिअर होते. त्यांचं काम काय, हे मला शाळा संपेपर्यंत कळलं नाही आणि नंतर कळलं तेव्हा विशेष काही वाटलं नाही. दुसरे लोक काम कधी करणार याचे रंगीत तक्ते ते करायचे आणि ते काम वेळेत झालं नाही की तक्ते पुन्हा रंगवायचे. फोनवर सतत ‘येस सर, नोटेड सर’ चालू असायचं. फोन ठेवला की तोच माणूस सोफ्यावर बसून आईला सांगायचा की भाजीत मीठ कमी आहे, आणि आवाज असा, की जणू तिकडच्या सगळ्या ‘येस सर’ची वसुली इथे व्हायची होती.

आई फूड टेक्नॉलॉजीची एम. एस्सी. होती, कोल्हापूरची. लग्नाआधी एका जॅमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. खोबरला आल्यावर तिच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, ती ‘आश्रित’ झाली, काम करायची परवानगी नाही, आणि कफील, म्हणजे हमीदार, कोण, तर नवरा. कागदोपत्री माझी आई माझ्या बाबांच्या जबाबदारीवर त्या देशात राहत होती, आणि बाबा हे गमतीत सगळ्यांना सांगायचे. पाहुणे जेवायला बसले की म्हणायचे, हिचा कफील मीच बरं का, नीट वागली नाही तर एक्झिट मारून परत पाठवीन. सगळे हसायचे. आई आमटी वाढायची. मी लहान असताना मीही हसायचे, कारण सगळे हसायचे.

इमारतीची मालकीण उम्म नासेर नावाची एक विधवा बाई होती. तिची हसा नावाच्या भागात खजुराची बाग होती. हिवाळ्यात ती तळमजल्यावरच्या घरात येऊन राहायची, आणि आई दुपारची तिच्याकडे जाऊन बसायची. बाबांना वाटायचं, बायका बसतात झालं. तिथे कॉफी पीत बसून बसून आई अरबी शिकली होती. बाजारात मोडकंतोडकं बोलतात तशी नाही, चांगली, भांडता येईल अशी. बाबांना इतक्या वर्षांत ‘यल्ला’ आणि ‘खलास’ यापलीकडे काही येत नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ऑफिसात इंग्लिश चालतं, ते म्हणायचे.

तर त्या उम्म नासेरकडे दर वर्षी दुय्यम दर्जाचा खजूर उरायचा, सुकलेला, सुरकुतलेला. तो जनावरांना जायचा. आईने एकदा त्यातला पिशवीभर वर आणला, गरम पाण्यात भिजवला, बिया काढून फडक्यातून पिळला आणि परातीत रस आटवला. घरभर असा वास सुटला की समोरच्या फ्लॅटमधली केरळी बाई दार वाजवून विचारून गेली. रात्री आम्ही खुब्झ, म्हणजे तिथली रोटी, गरम करून, तुपाबरोबर ती काकवी खाल्ली. रंग काळसर तांबडा, चव उसाच्या काकवीपेक्षा खोल, शेवटी किंचित कडसर. बाबा म्हणाले, छान आहे, पण डायबेटिस होईल. आईने दुसऱ्या दिवशी एक बाटली खाली नेली. उम्म नासेरने बोटाने चाखली, पुन्हा चाखली, आणि सरळ मुद्द्यावर आली. बागेतली शेड घे, माझ्या सुना रस काढून देतील, गॅस माझा, भांडं माझ्या खर्चाने करून घे. माल जमला तर मी तुला माझ्या कंपनीच्या इकाम्यावर घेते.

स्वतःचा इकामा, स्वतःच्या नावावर. हे आईने वर येऊन मला सांगितलं तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती आणि तिच्या हातात उगाचच झारा होता. मी बारावीत होते, इंग्लिशमध्ये म्हणाले, दॅट्स नाइस, मम्मा. ती म्हणाली, नाइस नाही गं, मोठं आहे. पण सगळं त्या भांड्यावर होतं. पहिला घाणा नीट उतरला पाहिजे, आई म्हणाली, म्हणजे ती बाई मला घेईल. तिला एकच संधी द्यायची सवय आहे, नोकरांनाही आणि सुनांनाही.

आमच्या कोल्हापूरकडे गुऱ्हाळात रस उकळायच्या पसरट भांड्याला काहील म्हणतात. आईने तिच्या काहिलीचं चित्र एका वर्तमानपत्राच्या कडेला काढलं. उथळ, अरुंद, लांबी आमच्या ओट्याएवढी आणि रुंदी एवढीच की एका बाजूला उभं राहून पलीकडची मळी झाऱ्याने काढता यावी. तिचा हिशोब साधा होता. सुना दिवसभरात जेवढा रस पिळतील तेवढा त्यात दोन-तीन बोटं उभा राहिला पाहिजे. रस कमी आणि भांडं मोठं झालं की बुडाला लागणार. हे कुठल्याही बाईला कळतं जिने आयुष्यात एकदा तरी मोठ्या पातेल्यात थोडं दूध तापवलंय. चूक एवढीच झाली की ती हे शुक्रवारच्या जेवणात बोलली.

शुक्रवारी आमच्याकडे मंडळ जमायचं. मंडळ म्हणजे काही नोंदणीकृत संस्था नव्हे, चार-पाच मराठी घरं आळीपाळीने एकमेकांकडे जेवायची आणि महाराष्ट्र कसा बिघडत चाललाय यावर दुःख करायची. त्यात सबनीस काका होते, एका रिफायनरीत प्रोसेस इंजिनिअर. आणि देवधर काका, बँकेत, ज्यांना कुठल्याही विषयावर ‘बॉटम लाइन काय’ असं विचारायची सवय होती. आई बोलून गप्प होते न होते तोच बाबा म्हणाले, अगं, हे तर सबनीसांचं फील्ड आहे. सबनीस काकांनी हात पुसले आणि म्हणाले, वहिनी, याला इव्हॅपोरेटर म्हणतात. इतक्या हळुवारपणे म्हणाले, जसं पोराला घड्याळ बघायला शिकवतात. श्रीखंड संपायच्या आत समिती झाली होती. सबनीस काका टेक्निकल, देवधर काका कमर्शियल, बाबा कोऑर्डिनेशन. आई कशातच नव्हती. दम्मामच्या वर्कशॉपच्या भागात बायका जात नाहीत, असं बाबांनी सांगितलं, आणि ते खरं आहे का हे कुणी तपासलं नाही.

पुढचे काही आठवडे आमच्या बैठकीत जे चाललं ते मी पडद्याआड बसून ऐकलं आहे, आणि आजही मला त्याची शरम वाटण्याऐवजी हसू येतं, ते हसू चांगलं नाही. सबनीस काकांनी कॅनडातल्या लोकांचे व्हिडिओ शोधून काढले. तिकडे मेपल नावाच्या झाडाला भोक पाडून रस काढतात आणि तो आटवून पाक करतात. बर्फ, लाकडी झोपडी, धूर, आणि पलंगाएवढं चकाकतं भांडं. तिघेही त्या भांड्याच्या प्रेमात पडले. आईने मधे येऊन सांगितलं की अहो, तो झाडाचा रस पाण्यासारखा पातळ असतो, पिंपंच्या पिंपं आटवावी तेव्हा वाटीभर पाक होतो, म्हणून त्यांना एवढं भांडं लागतं. खजुराचा रस आधीच दाट. सबनीस काका म्हणाले, करेक्ट, पण प्रिन्सिपल सेम आहे. मग त्यांनी आईच्या मापावर डिझाइन मार्जिन म्हणून थोडं वाढवलं. देवधर काकांनी उद्याच्या वाढीसाठी थोडं वाढवलं. बाबांनी, दोघांनी वाढवलं तर आपणही काहीतरी करावं म्हणून, थोडं वाढवलं. आणि शेवटी वर्कशॉपमध्ये पत्रा अख्खा येतो, कापून वाया कशाला घालवा, म्हणून राहिलेलं सगळं वाढलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशाने मोठमोठाल्या टाक्या बांधणाऱ्या माणसांना लहान भांडं मागायची लाज वाटते. त्यांना वाटतं, लहान मागितलं तर लोक आपल्याला लहान समजतील. त्यात त्यांची समज बरोबर होती, फक्त भांड्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

आईने एकदा, शेवटचं, बाबांना सांगितलं. मी अभ्यासाच्या टेबलाशी होते. म्हणाली, हे मला चालवता येणार नाही. बाबा म्हणाले, “अगं, ते फुकट वेळ देतायत तुझ्यासाठी. किती वाईट दिसेल.” आई गप्प बसली. माझ्या लहानपणात ‘किती वाईट दिसेल’ या तीन शब्दांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं उघड वाईटपणानेही केलं नसेल.

पहिला घाणा एका शुक्रवारी ठरला. आईला वाटत होतं ती आणि उम्म नासेरच्या सुना असतील. प्रत्यक्षात तीन गाड्या भरून मंडळ गेलं. बायकांनी मिसळीचा डबा घेतला, फरसाण घेतलं, चटया घेतल्या. हसाकडचा रस्ता सगळा वाळूचा, आणि मग एकदम खजुराच्या झाडांची हिरवी भिंत सुरू होते, आत पाण्याचे पाट, ओल्या मातीचा वास. शेडमध्ये काहील ठेवली होती. मी पहिल्यांदाच पाहिली. डबल बेडवर गादी नसावी तशी ती दिसत होती. उम्म नासेरने तिच्याभोवती एक फेरी मारली. तिच्या सुनांनी कितीतरी दिवस पिळून, गाळून, थंड खोलीत साठवलेला रस आणला आणि ओतला. सगळा ओतला. तो त्या पत्र्यावर पसरला, पसरला, आणि एका कोपऱ्यापर्यंत पोचलाच नाही. तिथे स्टील कोरडं चमकत राहिलं.

आई म्हणाली, एकच बर्नर लावू या, मंद, आणि मी रस सारखा कोपऱ्याकडे लोटत राहते. सबनीस काका म्हणाले, वहिनी, हीटिंग युनिफॉर्म पाहिजे. आणि त्यांनी सगळे बर्नर पेटवले. देवधर काका फोन उंच धरून व्हिडिओ काढत होते, मागून त्यांच्या आवाजात कॉमेंटरी चालू. आई झारा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होती. मधली मळी तिच्या हाताला येत नव्हती, कारण मधोमध पोचायला माणसाने काहिलीतच उतरायला हवं होतं. आधी गोड वास आला, सगळे वा वा म्हणाले. मग तो वास जड झाला. मग करपट. कोरड्या कोपऱ्याकडून काळी रेघ आत सरकायला लागली, आणि आई ओरडली, बंद करा. बर्नर बंद करायला सबनीस काका वाकले तर त्यांना कुठला नॉब कुठल्या बर्नरचा ते आठवेना. सगळे बंद होईपर्यंत तळाला डांबर झालं होतं.

सुना एकमेकींकडे बघत होत्या, त्यांचे हात अजून चिकट होते. देवधर काकांनी फोन खिशात टाकला. सबनीस काका म्हणाले, खजुरात फायबर जास्त दिसतंय. उम्म नासेर पुढे आली आणि अरबीत विचारलं, हे भांडं कुणी निवडलं? तिच्या मुलाने, नासेरने, ते इंग्लिशमध्ये बाबांना विचारलं, कारण पुरुषाने पुरुषालाच विचारायचं. बाबांनी काहिलीकडे पाहिलं, सबनीस काकांकडे पाहिलं, आणि मग हसत, अगदी पाहुण्यांत हसायचे तसेच हसत, म्हणाले,

“माय वाइफ. इट्स हर प्रोजेक्ट, ॲक्च्युअली.”

मी तिथेच उभी होते. मला बाबांची किळस आली. राग नाही, राग आधीही यायचा. जेवणात केस निघाला की येते ती किळस. ते वाईट माणूस नव्हते, असं मला नंतर अनेकांनी समजावलं आहे, माझ्या नवऱ्यानेसुद्धा. मान्य. वाईट माणसाला निदान काहीतरी हवं असतं. बाबांना फक्त त्या एका क्षणापुरतं बरं दिसायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी आईची इतक्या वर्षांतली एकुलती एक गोष्ट देऊन टाकली.

आई बोलली ती अरबीत. शाळेत सक्तीची अरबी असल्यामुळे मला कळलं. बाबांना कळलं नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली, आपल्याविषयी आपल्यासमोर काहीतरी बोललं जातंय याची. आई म्हणाली, “मी लहान मागितलं होतं. हे या तिघांनी निवडलं. मी गप्प बसले, एवढंच माझं. पुन्हा बसणार नाही.”

उम्म नासेरने त्या तिघांकडे एकदा पाहिलं. मग ती ओरडेल, हाकलून देईल असं मला वाटलं. तिने कॉफी मागवली. चटया झटकून त्यांना सावलीत बसवलं, खजुराची ताटली पुढे केली, नासेर दल्ला, म्हणजे कॉफीची लांब चोचीची किटली, घेऊन उभा राहिला आणि कप रिकामा झाला की भरत राहिला. तिघेही खूश झाले. त्यांना वाटलं, बाई समजूतदार आहे, मिटलं. कप हलवून परत दिला नाही तर तो भरत राहतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून पीत राहिले. त्यांना त्यांची जागा दाखवून झाली होती. पाहुण्याला कुणी काम सांगत नाही आणि कामाचं विचारतही नाही. नंतर मिसळही खाल्ली त्यांनी. सबनीस काकांनी दोनदा घेतली. आई आणि सुना शेडमध्ये तळ खरवडत होत्या, मी जाऊन त्यांच्यात बसले.

तो घाणा उम्म नासेरने आईच्या नावावर धरला नाही; पुढच्या आठवड्यात तिची भाची नूरा स्वतःची गाडी घेऊन खाली आली. आई मागे न बसता पुढे बसली, मी मागे. आम्ही दम्मामच्या वर्कशॉपला गेलो, जिथे बायका जात नाहीत म्हणे. तिथे दोन सौदी बायका गेटची जाळी करून घ्यायला आल्या होत्या. काहील आधीच ट्रकने आणून टाकली होती. आईने मार्कर घेतला, हातात झारा धरल्यासारखा हात लांबवून अंदाज घेतला आणि पत्र्यावर रेघ मारली. वेल्डर लखनौकडचा होता. त्याने रेघ पाहिली, मग आईला पाहिलं, आणि विचारलं, मॅडम, साहब से पूछ लिया?

आई म्हणाली, “साहब को थोड़े ही उबालना है। काटो।”

तिच्या आवाजात त्या वेळी जे होतं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे तिरस्कार हा दुर्गुण समजतात, बाईत तर फारच. मी तो माझ्या आईकडून त्या दुपारी ग्राइंडरच्या ठिणग्यांसमोर शिकले आणि तो मला पुढे नोकरीत, संसारात, हॉस्पिटलच्या रांगेत फार उपयोगी पडला आहे. उरलेला मोठा तुकडा कडा वळवून बागेत नेला. त्यात शेळ्या पाणी प्यायला लागल्या. डिझाइन मार्जिन वाया गेलं नाही.

दुसऱ्या घाण्याला कुणाला बोलावलं नाही. बाबांनी विचारलं होतं, मी येऊ का, सुट्टी टाकतो. आई म्हणाली, कशाला. लहान काहिलीत रस नीट उभा राहिला. आधी नुसती वाफ, मग कडेने फेस, मग मधोमध बुडबुडे, मोठे, आळशी, पुटकन फुटणारे. आई एका जागी उभी राहून झाऱ्याने मळी काढत होती, कुठेही पळत नव्हती. पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि ती सुनांशी बोलत होती, हसत होती, एकीला झारा कसा तिरका धरायचा ते दाखवत होती. जॅमच्या कारखान्यातली आई मी कधी पाहिली नव्हती. ती ही असावी. उम्म नासेरने ताटलीवर थेंब पाडला, ताटली तिरकी केली. थेंब सावकाश ओघळला. तिने मान हलवली, आणि आईच्या खांद्यावर एक चापट मारली, जरा जोरातच.

महिन्याभरात बाबांच्या फोनवर सरकारी ॲपचा संदेश आला. तुमच्या आश्रितेला अमुक कंपनीने मागितलं आहे, तुमची संमती हवी. बाबा सोफ्यावर होते. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढून पुसला. म्हणाले, हे जरा विचार करून करायला हवं. माझ्या कंपनीला चालेल का बघावं लागेल. एकदा सबनीसशी बोलून घेतो, देवधरलाही नियम माहीत असतात.

आई समोर येऊन बसली. घाईने नाही. फोन त्यांच्या हातातून घेतला, ती स्क्रीन पुन्हा उघडली आणि त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवला.

“समिती नको,” ती म्हणाली. “एकच बटण आहे. दाबा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि नजर हलवली नाही. त्यांनी दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली. एसी घरघरत होता. मग ते, नेहमीचं काहीतरी नेहमीसारखं व्हावं म्हणून असेल, म्हणाले, जरा चहा टाकतेस का?

आई उठून आत जात होती, दुसऱ्या दिवशी पहाटे नूरा येणार होती. वळली नाही, जाता जाताच म्हणाली, “तुम्हीच टाका. आणि पातेलं लहान घ्या, एकाच माणसाचा आहे.”